भरल्या धरणाच्या वर्षी पाहिलेलं घर : चिपळूणहून लातूरला आलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

माझ्या धाकट्या नणंदेचं कुटुंब २०२२ च्या दिवाळीनंतर चिपळूणहून लातूरला राहायला आलं. त्यांच्यासाठी घर मी शोधलं. माझं माहेर औशाचं, सासर लातूरचं. या भागाबाहेर मी कधी राहिलेच नाही. तरी पहिलं घर चुकलं आणि सात महिन्यांत त्यांना पुन्हा सामान बांधावं लागलं. नोकरीसाठी किंवा मुलांच्या अकरावी-बारावीसाठी लातूरला येणारी किती तरी कुटुंबं दर वर्षी घर बघत फिरतात. मी विचारला तोच ‘पाणी आहे का?’ हा प्रश्न तीही विचारतात. म्हणून हे सगळं पैशांसकट लिहून ठेवते आहे. नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

कुटुंब पाच माणसांचं. नणंद, दाजी, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि नणंदेच्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळे आजीच म्हणतो. दाजी चिपळूणच्या बाजारात एका पेढीवर हिशेब बघायचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा त्यांच्या घरात ते माळ्याच्या शिडीच्या निम्म्यावर आलं होतं. आजी एक अख्खा दिवस आणि रात्र माळ्यावर बसून होत्या. पेढी त्यानंतर सावरली नाही. वर्षभर वाट पाहून दाजींनी लातूरच्या एका सोयाबीन ऑईल मिलमधली अकाउंटंटची नोकरी धरली.

घर बघायच्या आधी आजींनी फोनवर मला एवढंच सांगितलं, ‘अगो, नदीच्या जवळ नको हां.’

मी म्हटलं, ‘आजी, आमच्या गावात नदीच नाही.’

हे बोलताना मला जे आठवायला हवं होतं, ते आठवलं नाही. लातूरला पाणी येतं ते धनेगावच्या मांजरा धरणातून. ते आटलं तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं होतं. त्या उन्हाळ्यात मी भाजी धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी संडासाला वापरलं आहे. पण २०२२ ला पाऊस चांगला झाला, धरण भरलं, आणि धरण भरलेल्या वर्षी लातुरात पाण्याचा विषय कोणी काढत नाही. आम्हीही काढला नाही.

नऊ दिवसांत चार घरं

पहिलं घर गंजगोलाईच्या मागच्या जुन्या भागात होतं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, भाडं साडेचार हजार. आत गारवा होता, दाजींना आवडलं. मी नको म्हटलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होते. विसर्जनाची रात्र संपवून माणसं नुकती झोपली होती, आणि असंच माळवद, अशाच जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या. हजारो माणसं गेली. माळवदाखाली मला आजही झोप लागत नाही, मग माझ्या माणसांना तिथं कशी ठेवणार?

दुसरं घर आमच्याच कॉलनीच्या पलीकडे होतं. मालकांनी चहा पाजला, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग ‘म्हणजे कुठले म्हणायचे?’ आणि शेवटी ‘मासे खाता का?’ दाजींनी सगळ्याची खरी उत्तरं दिली. संध्याकाळी निरोप आला, घर कालच दुसऱ्यांना दिलं म्हणून. आम्ही सकाळी तिथं बसलो होतो तेव्हा ते ‘काल’ दिलेलं नव्हतं. दाजी काही बोलले नाहीत. नणंद मात्र रात्री भांडी घासताना म्हणाली, ‘वहिनी, पुरात आमच्या घरात कोण कोण आसऱ्याला होतं, ते आम्ही विचारलं नव्हतं.’ घर शोधताना अपमानाचा हा भाग असतोच, असं लोक समजुतीच्या सुरात सांगतात. मला ती समजूत मान्य नाही. ही गोष्ट लाजिरवाणी आहे आणि आमच्या गावात ती रोज घडते.

तिसरं ट्युशन एरियात. तिथं घरं नाहीतच, कॉट आहेत. एका खोलीत चार पोरं, दर कॉटचं वेगळं भाडं. कुटुंबाला देण्यापेक्षा मालकाला तेच परवडतं.

चौथा रिंगरोडच्या बाहेरचा फ्लॅट. दुसरा मजला, दोन बेडरूम, भाडं साडेनऊ हजार, डिपॉझिट तीस हजार. नवी इमारत, बारा फ्लॅट, पूर्वेला गॅलरी. स्वयंपाकघरात जाऊन मी विचारलं, ‘पाणी आहे का?’ एजंटनं काही न बोलता नळ सोडला. पांढरीशुभ्र जाड धार. तो म्हणाला, ‘सातशे फूट बोअर हाय ताई. पानी सरतच नाही.’ चिपळूणच्या माणसांना त्यात नवल नव्हतं आणि मला ती धार बघून हायसं वाटलं. शंभर टक्के बरोबर दिसणारं उत्तर मिळालं की माणूस पुढचं विचारत नाही.

दोन गोष्टी तिथं समोर होत्या. एक म्हणजे इमारतीला महापालिकेचा नळच नव्हता, सगळा भार एका बोअरवर. दुसरी गोष्ट गॅलरीतून दिसत होती. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर फक्कीनं आखणी केलेली होती. मला ती दिसली होती. ‘शेजार होईल’ असं मी नणंदेला म्हटलंसुद्धा.

आपल्याकडची जमीन कशी आहे, हे इथं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. या पाषाणात पाणी वाळूसारखं सगळीकडे भरलेलं नसतं. ते झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. वरच्या थरातलं पाणी पावसानं दर वर्षी भरतं, खालच्या भेगांतलं भरायला फार काळ लागतो. म्हणून सातशे फूट हा आकडा अभिमानानं सांगायचा नसतो. वर पाणी मिळालं नाही, असाच त्याचा अर्थ. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटर, म्हणजे जेमतेम दोनशे फुटांच्या पुढच्या विहिरीला खोल विहीर धरून तिला आळा घातला आहे. शहरात ते कोणी मनावर घेत नाही. आणि भेग एकच असेल तर शेजाऱ्याचं जास्त खोल बोअर तुमचं पाणी ओढून घेतं.

नोव्हेंबर ते मे

पहिले तीन महिने छान गेले. शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश, गॅसचं कार्ड हे सगळं पंधरा दिवसांत उरकलं. मुलीला वर्गातली ‘काय करूलालीस?’ ही बोली कळायला महिना लागला, मुलाला आठवडा.

फेब्रुवारीत शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी आली. रात्रभर घरघर, सकाळी गॅलरीतल्या कपड्यांवर पिठासारखी पांढरी धूळ. साडेआठशे फुटांवर त्यांना पाणी लागलं. होळीपर्यंत नणंदेच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. पाडव्याच्या सुमारास सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास असं ठरलं. पाणीही जड यायला लागलं. पातेल्याला पांढरा थर बसायचा, तुरीची डाळ शिजेना. एप्रिलच्या मध्यावर बोअर हवा मारायला लागलं. मोटार चालू, पाइपातून नुसता फसफस आवाज.

मग टँकर. पाच हजार लिटरचा एक टँकर नऊशे रुपयांना, रोज एक. महिन्याचे सत्तावीस हजार. बारा घरांत वाटले तर घरटी सव्वादोन हजार होतात. पण चार फ्लॅट बंद होते, त्यांचे मालक पुण्याला. ‘आम्ही राहतच नाही तर पैसे कसले?’ असं त्यांचं म्हणणं. आठ घरांवर ओझं आलं, घरटी तीन हजार तीनशे पंच्याहत्तर. भाडेकरूंचं म्हणणं की पाणी देणं मालकाचं काम. मालकांचं म्हणणं की जो वापरेल तो भरेल. करारात यावर एक ओळ नव्हती. रोज संध्याकाळी जिन्यात भांडण. पिण्याच्या जारचे पैसे वेगळे.

या दिवसांतली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. मे महिन्यात आजींना उन्हाळी लागली. लघवीला आग, दोन दिवस ताप. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? आजी गप्प. दवाखान्यातून येताना रिक्षात नणंदेनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, कमी प्यायलं की कमी जावं लागतं, एक बादली वाचते. महिनाभर त्या दिवसाला तीन पेले पाणी पीत होत्या. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. सूनबाई जिन्यात पाण्यावरून बोलणी खाऊन येते, हे त्या ऐकत होत्या, तेवढ्यावरून त्यांनी हे ठरवलं. ज्या बाईनं पुरात सगळं घर गमावलं, ती माझ्या गावात बादलीसाठी तहान मारत बसली. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, घर बदलायचं, पावसाळ्याची वाट बघायची नाही.

डिपॉझिटचं थोडक्यात सांगते. करार स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेला होता, नोंदणी केलेली नव्हती. मालकांनी रंगाचे म्हणून बारा हजार कापायचे काढले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला ते खोटं ठरवावं लागतं. दाजींनी हे कलम त्यांच्या पुढ्यात ठेवलं, आवाज न चढवता. सहा हजार कापून चोवीस हजार परत मिळाले. आणखी ताणता आलं असतं, पण घरातलं माणूस आजारी होतं.

दुसरं घर

या वेळी आम्ही एजंटला फोन केला नाही. मे महिना, संध्याकाळचे पाच-सहा, मी आणि नणंद स्कूटीवर. गल्लीत शिरायचं आणि ओट्यावर बसलेल्या बाईला विचारायचं. घराचं नंतर, आधी पाण्याचं. नळ किती दिवसांनी येतो? दिवसा की रात्री? किती वेळ असतो? हौद केवढा? वरच्या टाकीत आपोआप चढतं का मोटार लावावी लागते? गल्लीत कोण थेट नळाला मोटार लावून ओढतं का? मागच्या वर्षी टँकर किती मागवले? बाया या प्रश्नांची उत्तरं इतकी नेमकी देतात की वही काढून लिहून घ्यावी. एकीनं तर सांगितलं, ‘त्या कोपऱ्यावरल्या घरात जाऊ नका बाई, चढाला हाय, फोर्स येत नाही.’ कुठला एजंट हे सांगेल?

असंच फिरताना निवृत्त गुरुजींचं घर कळलं. वर गुरुजी आणि काकू, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. जुनं बांधकाम, फरशी शहाबादी, एका भिंतीला काळ्या मातीमुळे गेलेली तिरपी भेग. सगळी घरं दिसायला यापेक्षा चांगली होती. भाडं सात हजार. पण ओसरीखाली आठ हजार लिटरचा हौद होता, वर हजाराची टाकी, आणि महापालिकेचा नळ. गुरुजींनी स्वतः लोखंडी झाकण उचलून बॅटरीचा उजेड आत टाकला. हौद निम्मा भरलेला होता, मे महिन्यात.

नणंदेनं तिथंच उभं राहून सांगून टाकलं, ‘गुरुजी, आम्ही मासे खातो. सुकटही असते घरात. नंतर कळण्यापेक्षा आता सांगते.’

गुरुजी जरा थांबले. मग म्हणाले, ‘मागं न्हाणीजवळ पत्र्याखाली जागा आहे, गॅस तिथं नेऊन करा. काकूंना वास सोसत नाही. पण लेकरांच्या तोंडचं काढून घेऊन मी भाडं घेणार नाही.’

अट होतीच, आणि ती नसती तर मला जास्त आवडलं असतं. पण ती तोंडावर, कारणासकट सांगितली गेली होती. नणंदेला ते पुरेसं वाटलं. करार या वेळी ऑनलाइन नोंदवला, अकरा महिन्यांचा, आणि त्यात एक कलम दाजींनी स्वतः लिहिलं : टँकर लागल्यास खर्च माणशी वाटायचा, पाच भाग खाली, दोन भाग वर. नोंदणीचा कागद हाती आल्यावर आधारचा पत्ता, बँक सगळं रांगेनं मार्गी लागलं. मतदार यादीसाठी नमुना ८ भरला.

राहायला गेल्यावर चौथ्या रात्री नळ आला. अडीच वाजले होते. समोरच्या घरातल्या बाईंनी दारावर थाप मारली, ‘ताई, उठा, नळ आलाय!’ मी त्या रात्री तिथंच झोपायला होते. पाच मिनिटांत अख्ख्या गल्लीत दिवे. काकू वरून खाली आल्या आणि त्यांनी नणंदेला क्रम शिकवला. पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ असतं, ते बादल्यांत धरायचं, संडासाला आणि झाडांना. मग धार निवळली की पिण्याचं : घागरीच्या तोंडावर धुतलेलं सुती फडकं दुहेरी बांधायचं, मध्ये जरा खोलगट सोडायचं. घागरी, कळशा, स्टीलची टाकी भरली की मगच पाइप हौदात. शेवटी बॅरल. फडक्यावर राहिलेली लालसर माती काकूंनी बोटानं दाखवली आणि फडकं झटकून तारेवर टाकलं. आजी दाराच्या चौकटीला धरून हे सगळं बघत होत्या. पाणी घरात येतंय म्हणून रात्री माणसं उठली आहेत, हे त्यांनी आधीही पाहिलं होतं. त्यांच्या हाताला कंप होता. काकूंनी काही न विचारता एक भरलेली कळशी त्यांच्या हातात दिली, ‘आजी, एवढी देवाजवळ ठेवा.’ आजी कळशी घेऊन आत गेल्या आणि हातातलं काम झाल्यासारख्या पुन्हा दुसरी न्यायला आल्या.

घर मिळणं आणि गावात रुजणं यात बरंच अंतर आहे. ते अंतर मला वाटतं येळवसेला तुटलं. मार्गशीर्षातली वेळा अमावास्या ही लातूर-धाराशिवकडची मोठी गोष्ट; त्या दिवशी शहरात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. त्या वर्षी ती जानेवारी २०२४ मध्ये आली. गुरुजींनी आदल्या दिवशी खाली येऊन सांगितलं, ‘शेतावर यायचं सगळ्यांनी. आमंत्रण म्हणून नाही, घरचे म्हणून.’ ऑगस्ट कोरडा गेलेला, हरभरा घोट्याएवढा, तरी कडब्याची कोप बांधली होती. कोपीत पांडवांची पूजा झाली, मग जेवण : भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी आणि मडक्यातलं आंबील. भज्जीत काय काय आहे ते आजींनी एक एक विचारून घेतलं, हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वाटाणा, मेथी, चिंच, वर बेसन. आंबिलाचा पहिला घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. तिसऱ्या पेल्याला त्या काकूंना म्हणाल्या, ‘तुमच्या या ताकाची कृती मला दे हो.’ आजींनी काकूंना ‘दे’ म्हटलं, ‘द्या’ नाही. हे माझ्या नणंदेच्याही ध्यानात आलं.

२०२४ चा उन्हाळा

हा उन्हाळा कठीण जाणार, हे त्या कोरड्या ऑगस्टलाच कळलं होतं. नळाचं अंतर आठ दिवसांवरून वाढत एकदा पंधरा दिवसांवर गेलं. दाजींनी हिशेब भिंतीवर लावला. हौद आणि टाकी मिळून नऊ हजार लिटर, माणसं सात. आठ दिवसांनी नळ आला तर माणशी रोज एकशे साठ लिटर. शहरासाठी एकशे पस्तीस लिटर धरतात, म्हणजे आरामात. पंधरा दिवस झाले तर माणशी पंच्याऐंशी. कपडे एक दिवसाआड, शॉवर बंद, आंघोळ एका बादलीत. आजींच्या पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला आणि तो दिवसातून चार वेळा रिकामा झालाच पाहिजे, हे काम नातवाकडे. अख्ख्या उन्हाळ्यात टँकर दोन लागले. पाच भाग खाली, दोन भाग वर. भांडण झालं नाही.

त्या फ्लॅटच्या इमारतीत त्या उन्हाळ्यात काय झालं, ते मी विचारायला गेले नाही. तिथं नवे भाडेकरू आहेत, गॅलरीत लहान मुलाची दुपटी वाळत असतात. तिकडून जाताना मान वर होतेच.

दाजी आता प्लॉट बघत आहेत. एन.ए. म्हणजे बिगरशेती आहे का तुकडे पाडून विकलेला गुंठेवारीचा, पाया मुरमापर्यंत न्यायला किती खोल जावं लागेल, हे ते विचारतात. बाकीचं आम्ही विचारतो. मागच्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी दोन वाजता आम्ही एका नव्या लेआउटवर गेलो. एजंट सावलीत गाडी लावून नकाशा उलगडायला लागला. नणंद त्याच्याजवळ थांबलीच नाही. पलीकडे हातपंपावर एक बाई दांडा मारत होती, तिच्याकडे गेली. मी मागून पोचले तेव्हा बाई पदरानं तोंड पुसत सांगत होती, ‘संक्रांतीपर्यंत हाय. फुडं नाही.’

नणंदेनं तिला दांडा मारायला हात दिला, घागर भरून दिली, आणि आम्ही स्कूटीकडे निघालो. एजंट नकाशा घेऊन मागं येत होता.